खळ्यावरचा वाटा

— नाही काकू, भांडण नंतर झालं. पहिल्यांदा खटकलं ते पोतं. भागिरथीआजींनी काखेतलं पोतं उघडलंच नाही. एवढंच. आता तुम्ही म्हणाल यात काय — पण बघा ना, माणूस धान्य घ्यायला आला की काय करतो? पोतं झटकतो, तोंड दुमडतो, दोन्ही हातांनी धरून ‘हं, भर’ म्हणतो. आणि भागिरथीआजी म्हणजे वरच्या वस्तीतली सगळ्यांत तुरतुरी बाई, लग्नाच्या पंगतीत पहिल्या बसणाऱ्या आणि वर तसं स्वतःच सांगणाऱ्या — त्या खळ्याच्या कडेला पोत्याची घडी काखेत दाबून नुसत्या उभ्या. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. वय झालंय. मी अशीच आहे बघा, काही खटकलं की त्याला लगेच एखादं कारण शोधून देते, म्हणजे मग छातीतली धडधड जरा — हॅलो? हॅलो! — नाही. एंगेजच लागतोय. पुन्हा फिरवू ना? तुमच्या बूथवर फोनला दुसरं कुणी गिऱ्हाईक आलं तर मी उठते लगेच, खरंच उठते.

मी रश्मी. पिंपळदऱ्याला असते — हो, तेच, एसटी जिथून वळून परत फिरते ते. नगरच्या एका संस्थेचं काम करते, पाणलोटाचं. डोंगरावर ते आडवे चर दिसतात ना बसमधून, ओळीनं खणलेले? ते आमचे. मी आले तेव्हा डोंगर म्हणजे नुसता तवा होता हो. पाऊस पडला की पाणी माती घेऊन सरळ ओढ्यात आणि ओढ्यातून पुढं, गेलं ते गेलं. आता चरांत थांबतं, मुरतं, आणि खाली काकासाहेबांच्या — काकासाहेब म्हणजे सरपंच, पाणलोट समितीचे अध्यक्षही तेच — त्यांच्या नि शेजारपाजारच्या विहिरींना उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी. उन्हाळी कांदा निघायला लागलाय लोकांचा. पण नुसते चर खणून होत नाही काकू. वर गवत टिकलं पाहिजे, रोपं जगली पाहिजेत, म्हणजे डोंगरावर शेळी फिरता कामा नये. आणि शेळ्या कुणाच्या? वरच्या वस्तीच्या. खालच्यांच्या गोठ्यात म्हशी, त्या काय डोंगर चढतात? म्हणजे शेळ्या बांधायच्या वस्तीनं, निम्म्या विकायच्या वस्तीनं, राखण वस्तीनं करायची — आणि पाणी कुणाच्या विहिरीत? हे मला पहिल्याच वर्षी सलायला लागलं. मीच बोलले सरांशी. नारायण सर, संस्थेचे प्रमुख — त्यांनाच लावतोय ना आपण फोन.

सर म्हणाले, अगदी बरोबर पकडलंस. सर इतके खूश झाले! म्हणाले, जगात आता हाच विचार चाललाय — म्हणजे बघा, तुम्ही हा लसूण सोलताय, तो कुणीतरी पिकवला, तुम्ही विकत आणलात. तसं पाणीसुद्धा कुणीतरी पिकवतंय. वर राखतात म्हणून खाली झिरपतं. मग ज्याच्या विहिरीला पाणी आलं त्यानं राखणाऱ्याला मोबदला द्यायचा. सरकारचं अनुदान नाही, कुणाची दया नाही — व्यवहार! सरांचा आवडता शब्द. मलाही आवडला होता हो. दयेपेक्षा किती स्वच्छ आहे, नाही? तू दे, मी देतो. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मी गावात महिनाभर हेच सांगत फिरले. घसा बसला माझा, आणि मला तर चार माणसं समोर बसली तरी घाम फुटतो — आई गं! काय ते? — टेम्पो. हो, टेम्पोच. असा कानाशी येऊन हॉर्न का वाजवतात हे? नाही नाही, ठीक आहे मी. पाणी घेते, हो. दचकायला होतं मला, लहानपणापासून आहे ते. आमची आई म्हणायची, हिच्या मागं कुणी पापड मोडू नका.

तर रोख द्यायची म्हटल्यावर समितीत कुरकुर सुरू झाली. काकासाहेब म्हणाले, ‘मॅडम, रोकड्याचं काय घेऊन बसलात? शेतकऱ्याच्या हातात रोकडा कवा असतो? सुगीला ज्वारी देऊ, कडबा देऊ. शेळ्या बांधल्यात तर कडबा लागंलच की त्यांना.’ मला इतकं पटलं! किती सोयीचं. मी अहवालात लिहिलं — काकू, मी माझ्या हातानं लिहिलंय — ‘स्थानिक परंपरेला धरून वस्तुरूप मोबदला.’ परंपरेला धरून! सरांनी त्या ओळीचं कौतुक केलं. पुण्याच्या बैठकीत ते हेच सांगणार आहेत, पिंपळदऱ्याचा नमुना म्हणून. वस्तीवर विचारलं तेव्हा सगळे हो म्हणाले. फक्त रंभाजीबाबा — आजींचे मालक ते, वस्तीचं पान त्यांच्याशिवाय हलत नाही — ते म्हणाले, ‘धान्य चालंल. पर पंचायतीच्या हापिसात द्या. टेबलावर.’ मी हसले हो! म्हटलं, बाबा, ज्वारी टेबलावर कशी मावेल? तेही हसले. म्हणाले, ‘तेवढं बघा मात्र.’ आणि मी काय बघितलं? मी ‘स्थळ सोयीनुसार’ असं ठरवून मोकळी झाले. मला वाटलं म्हातारपणीचा हट्ट आहे, टेबल-खुर्चीची हौस आहे. एकच अट घातली होती माणसानं. एकच.

लावा ना पुन्हा. शून्य दोन चार एक — हं. वाजतंय! वाजतंय… आता रिंग जातेय, कुणी उचलत नाही. हे बघा, हे असं. जेवायला गेले असतील. पण चार वाजून गेले की! शिपाई तरी उचलेल ना? सरांच्या टेबलावरच फोन असतो, बाहेरचं कुणी हात लावत नाही त्याला. ठेवते. पाच मिनिटांनी करू. — गावात आहे हो फोन. एकच आहे आणि तो काकासाहेबांच्या बैठकीत आहे. म्हणून तर मी सोनईला आले, उन्हात, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून. शेवटची एसटी गाठायचीय मला. दिवेलागणीच्या आत वस्तीवर पोचले नाही तर — नाही, पोचलंच पाहिजे.

तर आज सकाळी. आता खळं कोण करतं, सांगा बरं? मळणी यंत्र येतं, भराभर पोती भरून मोकळं. पण काकासाहेबांनी मुद्दाम खळं करवलं. शेणानं सारवून घेतलं, मधे रास घातली, वर नारळ, उदबत्ती, इथला तुमचा सोनईचाच फोटोवाला बोलावलेला. ‘मॅडम, पैलं वर्ष हाय, रीतीनं व्हऊ द्या.’ कौतुकानं हो! ते वाईट नाहीत काकू, हे मला तुम्हाला सांगितलंच पाहिजे. मला ताप आला तेव्हा जीप काढून नगरला नेलं होतं त्यांनी, त्यांच्या घरच्या वहिनी रात्रभर उशाशी बसल्या होत्या. — मग वस्तीची माणसं आली. रंभाजीबाबा पुढं, धुतलेला सदरा, खिशाला पेन. बायका ठेवणीतलं नेसून. मला इतकं बरं वाटलं, मी मनात म्हटलं, बघ रश्मी, हा तुझा व्यवहार. चपला सगळ्यांनीच काढल्या, खळ्यावर चढताना काढतातच. मी आत होते, फोटोवाला आत होता. बाबा पाऊल टाकणार तेवढ्यात काकासाहेबांचा गडी म्हणाला, ‘तितंच थांबा बाबा, तितंच. आनून घालतो.’ आवाज चढवून नाही हो. अगदी सहज, जसं आपण पाहुण्याला म्हणतो बसा बसा. आणि तेव्हाच माझं लक्ष आजींच्या त्या पोत्याकडं गेलं.

आणि घालायला ज्वारी घेतली ती मधल्या राशीतली नाही. मधली रास मोत्यासारखी, फोटोसाठी. ही खळ्याच्या कडेची, खराट्यानं ओढून गोळा केलेली — मातेरं म्हणतात ना, माती नि कचरा मिसळलेलं, तसली. पाटी भरून गड्यानं बाबांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. जमिनीवर. हातात नाही. आणि काकासाहेब मोठ्यानं म्हणाले, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, ‘घ्या रंभाजी, हक्काचं हाय तुमच्या. बापजाद्यापास्नं चालत आल्याली रीत. मधी खंडली व्हती, ती मॅडमनी पुन्यांदा चालू केली!’ आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या काकू. मीपण वाजवल्या. दोन-तीन वाजवल्या आणि मग माझे हात — कळेना कुठं ठेवू.

काकासाहेब पुढं म्हणाले, ‘आन् जाता जाता तेवढा वरच्या मळ्यात सांगावा द्या, उद्या पाव्हणे यायचेत म्हनावं. सांजच्याला दोघं जण लाकडं फोडायला धाडा वाड्यावर.’ तेव्हा बाबा म्हणाले, ‘काकासाहेब, डोंगर राखायचं ठरलं व्हतं. लाकडाचं कवा ठरलं?’ काकासाहेब हसले — खरंच त्यांना कळलं नव्हतं हो, हसणं अगदी निर्मळ होतं — म्हणाले, ‘आता त्यात ठरवायचं काय बाबा? धान्य खाल्लं म्हंजी एवढं-तेवढं आलंच की.’ झालं. भागिरथीआजींनी पोत्याची घडी झटकली, म्हटलं आता उघडणार, तर त्यांनी ती खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, ‘काकासाहेब, हे मातेरं तुमच्या कोंबड्यांस्नी घाला. खाल्लं म्हंजी सांगावा बी त्याच नेत्याल. लाकडं तेवढी चोचीनं फोडाया शिकवा!’ फोटोवाला फसकन हसला. बाकी कुणी नाही. आणि मग आजी माझ्याकडं वळल्या नि मला काहीतरी म्हणाल्या. ते जाऊ दे. मग सगळे निघून गेले, चपला घालून, एका रांगेत, पाटी तिथंच. काकासाहेब मला म्हणाले, ‘आता काय चुकलं ओ मॅडम आमचं?’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. मी धावत वर गेले.

लावा बरं आता. … वाजतंय. … उचला ना! उचला सर, प्लीज. … नाही. असं कसं होतं हो, हा माणूस एरवी पहिल्या रिंगला उचलतो, ‘बोला’ म्हणतो, सकाळी सातला, रविवारी, कधीही! आणि आज, एक दिवस मला — सॉरी. तुमच्यावर नाही चिडले मी. तुम्ही सोला लसूण. मी मुकाट्यानं बसते.

नाही बसवत. सांगू का, वर गेले तर बाबा वाडग्याच्या फाटकाशी उभे, शेळ्यांच्या वाडग्याच्या. काठी हातात. म्हणाले, उद्या उजाडताच शेळ्या डोंगरावर. कुणी म्हणजे कुणी अडवायला येऊ नका. म्हटलं बाबा, रोपं आहेत, आत्ता कुठं गुडघ्याला लागलीत, एका सकाळीत फडशा पाडतील त्या! चर ढासळतील, पुढच्या पावसात सगळं पुन्हा — आणि तुमच्या मुलांनीच खणलेत ना ते चर? तर म्हणाले, ‘व्हय. आमच्याच पोरांनी.’ मग म्हणाले, ‘पोरी, ह्या शेळ्या आमी कवा धरल्या, ठावं हाय का तुला?’ मला कुठं ठाऊक? मी शेळ्या मोजल्यात, त्यांची जात लिहिलीय, दिवसाला किती पाला खातात ते लिहिलंय. कवा धरल्या हे नाही विचारलं कधी. बाबा म्हणाले, छप्पनच्या पुढल्या साली. धर्म बदलला, गावकीचं काम सोडलं. त्यांच्या वडलांनी ह्याच काकासाहेबांच्या आजोबांच्या खळ्यावर जाऊन सांगितलं, आता तुमचं बलुतं नको आन् तुमचं काम नको. मग गावानं सगळं तोडलं — मजुरी बंद, वाण्याचं दुकान बंद, रस्त्यानं जाऊ देईनात. वस्तीवर चुली पेटेनात. बाबांच्या आईनं माहेरहून एक शेळी आणली, तरणी पाठ, गाभण. ‘तिच्याच ह्या,’ म्हणाले. ‘डोंगरावर कुनाचं नाव नव्हतं. डोंगरानं जगीवलं आमाला.’

आणि मी काय केलं? बघा तरी मी काय केलं! बलुतं सोडलं म्हणून ज्या शेळ्या धरल्या, त्या मी बांधायला लावल्या, निम्म्या विकायला लावल्या, आणि बदल्यात माणसांना नेऊन त्याच खळ्याच्या कडेला उभं केलं. परंपरेला धरून. मोबदला एका कामाचा असतो ना हो? डोंगर राखला, त्याचं द्या, विषय संपला. बलुत्यात अख्खा माणूसच — म्हणजे धान्य खाल्लं की तो तुमचा, त्याचे पाय तुमच्या निरोपाला, हात तुमच्या लाकडाला. काकासाहेबांना तो फरक कळला नाही, समजू शकते मी. पण मला? बी.एस्सी. झालेल्या मला? सरांना नाही कळला, ते कुलकर्ण्यांच्या घरातले, त्यांच्या पुस्तकात खळं कुठं असणार? पण आमच्या घरात तरी — आमच्यात — आमच्या आजोबांनी —

…

नाही, काही नाही.

तुमचा हात थांबला.

बोलून गेले ना मी. हो, आमच्यात. श्रीरामपूरला पप्पा मालधक्क्यावर कारकून आहेत, आणि आमच्या घरात तो शब्द नव्हताच काकू. बलुतं हा शब्द. शाळेत इतिहासात आला तेव्हा मी घरी येऊन विचारलं होतं, तर पप्पा म्हणाले, ‘गणित झालं का तुझं?’ आजोबा ओट्यावर बसलेले, ते उठून आत गेले. त्यांनी इतकं नीट पुसून काढलं ते सगळं, इतकं घासून, की माझ्यापर्यंत त्याचा वासही येऊ दिला नाही — आणि म्हणून माझ्यासमोर आलं तेव्हा मी ते ओळखलंच नाही. टाळ्या वाजवल्या. आता कळलं आजी मला काय म्हणाल्या असतील ते? म्हणाल्या, ‘आन् तू गं? तू तं आपल्यातली. तुला बी कळलं न्हाई?’ भर खळ्यावर. काकासाहेबांसमोर. वहिनींसमोर. आजींनी मुद्दाम नाही केलं, त्यांना वाटलं सगळ्यांना ठाऊकच असणार. मी वस्तीवर पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी चहा देताना ओळखलं होतं मला, काही न विचारता. पण मी राहते काकासाहेबांकडं. ओट्यावरच्या खोलीत, जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरात. आडनाव जाधव — जाधव सगळ्यांत असतात. त्यांनी पुढचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं नव्हतं हो ते! कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक सांगितलं असतं. आज आजी बोलल्या आणि वहिनींनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. त्यात राग होता की काय होतं, मला अजून कळत नाहीय. दुपारी जेवायला गेले नाही मी. कुणी ये म्हणालं नाही, येऊ नको म्हणालं नाही.

तुम्ही कोण, मी विचारत नाही. तुम्हीही काही सांगू नका. पाणी दिलंत ते आधी दिलंत, ते मी प्यायलेय. आता असू दे.

मुख्य राहिलंच. मी खोटं बोलले ते तर पुढंच आहे. तिथंच वाडग्याशी भागिरथीआजी म्हणाल्या — आजींचं डोकं बघा — ‘देनं-बिनं काय नको आमाला. गवत इकत न्या म्हनावं. डोंगर आमी राखला, गवत आमी कापू, भाव आमी सांगू. म्हशी त्यांच्या हायेत ना? येऊ द्या वस्तीवर, दारात हुबं राहू द्या, घासाघीस करू द्या. पटला भाव तं घ्या, न्हाई तं जा घरी.’ आणि हसल्या! त्या एवढ्या सगळ्यात हसल्या. म्हणाल्या, ‘काकासाहेबाला उदारी न्हाई द्यायची बरं का.’ बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आणि मला वाटलं, अगं बाई, व्यवहार तर हा! सर ज्याला व्यवहार म्हणतात तो हा. गवत त्यांचं झालं की त्यांना शेळ्या सोडून ते उगाच तुडवायचंच नाहीये, डोंगर आपोआप राखला जातोय, पाणी खाली जाईलच, ते कुठं जातंय? फक्त समितीच्या नियमात बसत नाही. नियमात डोंगरावरचं गवत समितीचं, समिती म्हणजे काकासाहेब. तो नियम सरच बदलू शकतात. बाबा म्हणाले, ‘तुझे साहेब हे ऐकत्याल व्हय?’ फाटकाच्या कडीवर त्यांचा हात होता. आणि मी म्हटलं — मी म्हटलं, सरांशी बोलणं झालंय माझं. ते हो म्हणालेत.

कुठं झालंय बोलणं! कधी झालं? तोंडातून निघून गेलं काकू. मी आयुष्यात कुणाला असं सरळ खोटं नव्हतं — आणि बाबांनी कडीवरचा हात काढला. म्हणाले, ‘मग सांजच्याला त्यांचा शब्द घेऊन ये. दिवेलागनीपातूर थांबतो.’ विश्वास ठेवला हो माझ्यावर. पुन्हा ठेवला. आपली पोर म्हणून. आता सर नाही म्हणाले तर? म्हणतीलच. म्हणतील, रश्मी, पुण्याच्या बैठकीचे कागद छापून झालेत. म्हणतील, एवढ्या तेवढ्यानं भावनेच्या आहारी जायचं नसतं, काकासाहेबांशी मी बोलतो, पुढच्या वर्षी चांगली ज्वारी द्यायला सांगतो. चांगली ज्वारी! त्यांना वाटेल प्रश्न ज्वारीचा आहे. आणि मी सरांसमोर बोलूच शकत नाही, त्यांनी ‘हं?’ म्हटलं तरी माझं वाक्य तुटतं. तीन वर्षांत मी त्यांना ‘नाही’ म्हटलेलं मला आठवत नाही. मी ‘बघते सर’ म्हणते. ‘करते सर.’ …

काय? तुम्ही लावता? — नाही, राहू द्या, तुमचे हात लसणाचे — बरं. बरं, लावा. हा घ्या नंबर. कोडनंतर थांबायचं असतं होय? मी थांबतच नव्हते, मी भराभर… हां. आता पुढचा. तुम्ही असं शांतपणे कसं हो फिरवता एकेक आकडा.

काय सांगायचं, ते मी मनात जुळवते तोवर. सर, एक अडचण झालीय — नको. सर, तुम्हाला वेळ असेल तर — नको, नकोच. सर, आपल्याला विचारायचं होतं की — विचारलं की संपलं काकू. विचारलं की ते नाही म्हणायला मोकळे. मी शब्द दिलाय ना? माझा दिलाय. सरांचं नाव लावलं, पण तोंड माझं होतं, बाबांनी हात काढला तो माझ्या तोंडाकडं बघून. मग मी विचारते कशाला? नोकरी जाईल? जाऊ दे — नाही, जाऊ नये, पप्पांना काय सांगू — पण समजा गेली. वाडग्याचं फाटक उद्या उघडलं तर ते माझ्यामुळं उघडेल, हे —

वाजतंय? वाजतंय का? मला द्या, द्या इकडं. नाही, तुम्ही बसा इथंच, बाहेर नका जाऊ. तुम्ही फक्त बोलू नका. — अजून वाजतंय. — अजून —

हॅलो?

हॅलो, सर! मी रश्मी बोलतेय. … नाही सर, विचारायला नाही केला फोन. सांगायला केलाय.